जवळचं रुग्णालय की घेणारं रुग्णालय? तातडीच्या रुग्णासाठीचं ॲप कुणाच्या हातात असावं

सह्यकडा
तातडीच्या रुग्णाला जवळच्या रुग्णालयाशी जोडणारं ॲप राज्यात हवं का, यावर मतं येऊ द्यात. माझं मत आधीच सांगतो: हवं, आणि ते लोकांच्या फोनवर हवं, नुसतं नियंत्रण कक्षात नको.

१०८ ची सेवा आपल्याकडे २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त सुसज्ज, ७०४ बेसिकच्या. एवढ्या पसरलेल्या राज्यात गाडी येईपर्यंत दम धरणं प्रत्येकाला जमत नाही. रिक्षा, शेजाऱ्याची मोटार, वडाप, मिळेल त्यात रुग्णाला घालतात आणि निघतात. कुठे जायचं हे त्या घाईत भाऊ नाहीतर मुलगा ठरवतो, आणि त्याला रुग्णालयाचं एखादंच नाव ठाऊक असतं. तोंड वाकडं झालेल्या, हात लुळा पडलेल्या माणसाला सीटी स्कॅन नसलेल्या नर्सिंग होममध्ये नेलं, की सलाइन लागतं, बीपी बघतात आणि तासाभराने ‘मोठ्या ठिकाणी हलवा’ म्हणतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी करून रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं. गेलेला तास त्यातूनच वजा होतो.

ही मागणी नवी नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई दिलीच, शिवाय कोणत्या रुग्णालयात हव्या त्या उपचाराची खाट रिकामी आहे हे कळून रुग्णाला थेट तिथे पाठवता येईल, अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी असंही सांगितलं. हे ॲप म्हणजे तीच यंत्रणा.

उघडल्यावर एकच प्रश्न: काय झालंय? छातीत दुखतंय, तोंड वाकडं किंवा हातपाय लुळा, अपघात, साप-विंचू, बाळंतपण, दम लागलाय, विष घेतलंय, भाजलंय. आठ मोठी चित्रं, मराठीत बोलूनही सांगता यावं. मग तीनच रुग्णालयं दिसावीत, तीसची यादी नको.

रातपाळी
असहमत. तुमचा पडदा चांगला आहे, पण त्यामागचा आकडा येणार कुठून?

रुग्णालयाच्या संगणकातली खाटांची संख्या बिलिंगसाठी असते. डिस्चार्ज सकाळी राउंडला ठरतो, पण बिल भरून, विम्याची मंजुरी येऊन खाट संगणकात मोकळी होते संध्याकाळी. म्हणजे माणूस उठून गेला तरी खाट भरलेलीच दिसते. उलटही होतं. आयसीयूतली एक खाट रिकामी दिसते, पण ती शस्त्रक्रियागृहात टेबलावर असलेल्या रुग्णासाठी धरलेली असते. तिच्यावर कुणी नाही आणि ती कुणाला देताही येत नाही.

कोविडच्या काळात ऑनलाइन फलकांवर खाटा दिसत आणि फोन केला की ‘फुल’ असं उत्तर येई, ते याच कारणाने. मुंबईत पालिकेने २०२० च्या जूनमध्ये २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या आणि खाट देण्याचं काम फोन धरून बसलेल्या माणसांकडे दिलं, तेव्हा घडी बसली. पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबून नातेवाईक चाळीस मिनिटं गाडी हाणतील आणि दारातून परततील. ठिपका नसता तर निदान जवळच्या ठिकाणी थांबले असते.

सह्यकडा
म्हणून खाटा मोजायच्याच नाहीत. क्षमता विचारायची. सीटी चालू आहे का? कॅथलॅबची, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडणाऱ्या कक्षाची टीम वीस मिनिटांत येईल का? न्यूरोसर्जन गावात आहे का? भूलतज्ज्ञ आहे का? व्हेंटिलेटर मोकळा आहे का? प्रतिसर्पविषाच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) पुरेशा कुप्या आहेत का? रक्तपेढीत ओ निगेटिव्ह आहे का? सात-आठ प्रश्न, उत्तर ‘आहे’ नाहीतर ‘नाही’. शेजारी शेवटच्या नोंदीची वेळ. सहा तासांहून जुनं उत्तर आपोआप करडं व्हावं, ‘फोन करून विचारा’ असं लिहिलेलं.

रातपाळी
नोंद कोण करणार तेही लिहा. पाळी बदलते सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. ओव्हरलाच, म्हणजे एक पाळी दुसरीकडे काम सोपवते तेव्हाच हे व्हायला हवं आणि ते कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) इन्चार्ज सिस्टरकडे हवं, आयटी विभागाकडे नव्हे. एका पानावर आठ बटणं असतील तर ती मिनिटभरात करेल. लॉगिन, ओटीपी, तीन पानं असतील तर तिसऱ्या दिवसापासून कुणी करणार नाही. शिवाय तुमचे सहा तास रात्री पुरत नाहीत. रात्रीची पाळी बारा तासांची, म्हणजे पहाटे दोनला सगळा जिल्हा करडा. रात्रीत एक जादा नोंद लागेल, आणि रात्री एका सिस्टरवर दोन वॉर्ड असतात हे धरून चाला.

खाडीपलीकडे
माझी हरकत ‘जवळचं’ या शब्दालाच आहे. ॲप अंतर कसं मोजतं? बरीच ॲपं दोन अक्षांश-रेखांशांमधलं सरळ अंतर काढतात, कारण ते स्वस्त पडतं. वाशिष्ठीच्या खाडीवर धोपाव्यातून समोर दाभोळ दिसतं. रात्री फेरीबोट बंद असते तेव्हा तेच दाभोळ चिपळूणच्या बाजूने वळसा घालून किती तासांवर जातं ते गुहागरवाल्याला विचारा. सरळ रेषेवर चालणारं ॲप त्याला खाडीपलीकडचं रुग्णालय पहिलं दाखवेल.

कोकणच कशाला, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तोच घोळ होईल. खाली उतरता येतं ते फक्त इंटरचेंजला. शेजारच्या गावातलं रुग्णालय कुंपणापलीकडे दिसेल आणि गाडीला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन मागे यावं लागेल. जीपीएसच्या पाच-दहा मीटरच्या चुकीत रुग्ण कोणत्या बाजूच्या लेनवर आहे तेही कळत नाही. मुंबईत पूर्व-पश्चिम अशीच, मध्ये रेल्वे. तेव्हा रस्त्याने लागणारी मिनिटं, त्या वेळच्या वाहतुकीसकट आणि बंद घाटासकट, एवढंच माप चालेल.

आणखी एक. दोडामार्ग, सावंतवाडीचे गंभीर रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. ॲप राज्याचं असेल आणि त्यात गोवा नसेल, तर तिथल्या माणसाला ते उलट्या दिशेला पाठवेल.

निदान
खाडीपलीकडे यांच्याशी सहमत, पण मिनिटांचंही एकच माप सगळ्यांना लावू नका. आजारागणिक नियम बदलतो.

सर्पदंश: इथे जवळचंच बरोबर. प्रतिसर्पविष प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळू शकतं. सुरुवातीला साधारण १० कुप्या लागतात, आणि रिॲक्शन आली तर द्यायला ॲड्रेनालिन हाताशी हवं. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष धरून चालायचं. याला मोठं यंत्र लागत नाही. मण्यार-नागाच्या दंशात पापण्या जड होऊ लागल्या की श्वासाला आधार लागतो, तेव्हा पहिला डोस देऊन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत घेऊनच पुढे. ‘शहरात चांगलं मिळेल’ म्हणून कुप्या असलेलं केंद्र ओलांडून जाणं ही इथली सगळ्यात महाग चूक.

हार्ट अटॅक: आधी ईसीजी, तोही दहा मिनिटांत. कॅथलॅबमध्ये बंद रक्तवाहिनी उघडणारा फुगा फुगेपर्यंत, रुग्ण दुसरीकडून हलवावा लागला तरी, एकूण १२० मिनिटांत जमणार असेल तर थेट तिकडे. नाहीतर जवळ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात, आणि मग हलवायचं. म्हणजे इथे दोन ठिकाणं एका क्रमात दाखवायला हवीत.

पक्षाघात: सीटी नसलेलं ठिकाण यादीत यायलाच नको, दोनशे मीटरवर असलं तरी.

डोक्याला मार: सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही हवेत. पण श्वासनलिकेत रक्त जात असेल तर आधी जवळच्या कॅज्युअल्टीत श्वासमार्ग मोकळा करून घ्यायचा.

‘छातीत दुखतंय’ या चित्रावर बोट ठेवणाऱ्याला हे कुठून कळणार? म्हणून मी रातपाळी यांच्या बाजूने आहे. हा निर्णय १०८ च्या गाडीत असलेल्या डॉक्टरने घ्यावा, ॲप त्याच्या टॅबवर असावं.

सह्यकडा
आणि जो १०८ ची वाट न बघता निघाला त्याचं काय? त्याला नियम कळत नाही, म्हणूनच नियम ॲपमध्ये भरून द्यायचा. तुम्ही आत्ता लिहिलेले चार परिच्छेद म्हणजेच तो नियम. सर्पदंशाचं चित्र दाबलं की कुप्या असलेलं सगळ्यात जवळचं केंद्र, पक्षाघाताचं दाबलं की फक्त सीटीवाली. नातेवाइकाने निदान करायचं नाही, दिसतंय ते सांगायचं.

बिनतारी
नियंत्रण कक्षाच्या बाजूने एक तांत्रिक गोष्ट. ॲपने रुग्णालयाला ‘घेता का?’ विचारायचं कसं? एकाच वेळी पाच ठिकाणी घंटा वाजवली तर एकीकडे रुग्ण जातो आणि चार ठिकाणी ट्रॉली काढून, माणूस दारात उभा करून कुणी येत नाही. हे आठवड्यात दहा वेळा झालं की घंटेकडे कुणी बघत नाही. एकेकाला विचारलं आणि प्रत्येकाला मिनिट दिलं तर चौथ्या ठिकाणी होकार मिळेपर्यंत चार मिनिटं गेली. मधला मार्ग असा: गाडी पहिल्या ठिकाणाच्या दिशेने लगेच निघते, घंटा फक्त दोघांकडे वाजते, ९० सेकंदांत उत्तर नाही आलं तर ॲप थांबतं आणि माणूस कॅज्युअल्टीच्या लँडलाइनवर फोन लावतो. घंटा कुणाच्या खाजगी मोबाइलवर नको, कारण ती सिस्टर सुट्टीवर असते.

होकार मिळाला की जागा धरायची ती प्रवासाची मिनिटं अधिक पंधरा, एवढीच. त्यानंतर सुटते. नाहीतर दोन ॲपं आणि एक नियंत्रण कक्ष मिळून एकच व्हेंटिलेटर तिघांना देतील. म्हणून ॲप कुणीही बनवो, नोंदवही एकच हवी, आणि ती १०८ कडे हवी.

नियमावली
कळीचा मुद्दा अजून आलेला नाही. पुष्कळदा ‘खाट नाही’ याचा अर्थ ‘डिपॉझिट नाही’ असा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागद मागाहून. धर्मादाय रुग्णालयांना तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या आहेत, आणि तातडीच्या रुग्णाला स्थिर होईपर्यंत नाकारता येत नाही. अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार. ॲपने प्रत्येक नावापुढे हे दाखवलंच पाहिजे: धर्मादाय आहे का, राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आहे का, अपघात योजनेत आहे का. आणि प्रत्येक नकार वेळेसकट, कारणासकट नोंदला गेला पाहिजे. माझ्या लेखी ॲपचा खरा उपयोग तोच.

रातपाळी
नकार नोंदले जाणार म्हटल्यावर लहान रुग्णालयं ॲपवर येणारच नाहीत. आली तरी सगळीकडे ‘नाही’ दाबून ठेवतील. दहा खाटांच्या नर्सिंग होमला एका डॉक्टरवर रात्र काढायची असते, त्याचा ‘नाही’ खरा असतो.

नियमावली
खरा असेल तर नोंदला जायला भीती कसली? ज्या रुग्णालयाचं सीटी महिनाभर फक्त रात्री ‘बंद’ असतं आणि दिवसा चालू, तिथे यंत्र बिघडलेलं नाही, तंत्रज्ञ नेमलेला नाही. ही माहिती आज जिल्हा शल्यचिकित्सकांपर्यंत कुठल्या कागदावर पोचते? नोंद लोकांना दाखवू नका, त्यांना दाखवा.

आणि ॲप खाजगी कंपनीचं असेल तर क्रम कशावर लावला ते उघड हवं. रुग्ण आणणाऱ्या गाडीला कमिशन देण्याची कट प्रॅक्टिस आपल्याकडे आहेच. पैसे देणारं रुग्णालय यादीत वर आलं, तर तीच फोनवर आली.

निदान
हे पटतं. रुग्णाच्या माहितीबद्दलही लिहायला हवं. जिवावरचा प्रसंग असेल तर २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा संमतीवाचून माहिती वापरू देतो, म्हणून नोंदणीचा अर्ज आधी भरायला लावू नका. नाव, आधार, काही नको. वय अंदाजे, लिंग, त्रास काय, किती वाजता सुरू झाला. शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण पक्षाघाताचे साडेचार तास तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर ‘शेवटचा धडधाकट कधी दिसला’ ही वेळ. दाराशी पोचेपर्यंत नेमकं हेच विसरलं जातं.

खाडीपलीकडे
आणि रेंज नसेल तर? मेळघाटात, गडचिरोलीत, सह्याद्रीच्या घाटांत डेटा नसतो तिथेच हे सर्वात जास्त लागणार.

सह्यकडा
जिल्ह्याची यादी फोनमध्येच साठवलेली हवी. नाव, कॅज्युअल्टीचा नंबर, काय सोय आहे, काही शे ठिकाणांचा मजकूर एका फोटोहून कमी जागा घेतो. कुप्या आणि व्हेंटिलेटरची ताजी स्थिती मात्र डेटाशिवाय नाही. तिथे एसएमएस जावा आणि एसएमएसनेच उत्तर यावं. तोही जात नसेल तर ॲपने मोठ्या अक्षरांत १०८ आणि ११२ दाखवावेत. ११२ ला दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तरी फोन लागू शकतो.

निदान आणि बिनतारी यांचं ऐकून एवढं बदलतो: पहिलं बटण १०८ चंच असावं, नोंदवहीही त्यांच्याकडेच. पण गाडीला वीस मिनिटांहून जास्त लागणार असेल तर ते ॲपने स्पष्ट सांगावं आणि स्वतः निघणाऱ्याला दिशा द्यावी.

निदान
वीस मिनिटं सरसकट नको. अपघातात मान धरून न ठेवता रिक्षात उचलून घातलेल्याचं वीस मिनिटांत जे नुकसान होतं ते भरून येत नाही. उंचावरून पडलेला, गाडीतून फेकला गेलेला, मानेत दुखतंय म्हणणारा, अशांना ‘हलवू नका, थांबा’ हेच उत्तर, गाडीला चाळीस मिनिटं लागली तरी. अपवाद श्वास बंद पडत असेल, रक्त दाबूनही थांबत नसेल किंवा गाडीने पेट घेतला असेल तर.

सह्यकडा
चाळीस मिनिटं भर रस्त्यावर, पावसात, जखमी माणूस? तिथे जमलेले लोक थांबणार नाहीत, आणि थांबा म्हणणारं ॲप ते दुसऱ्यांदा उघडणार नाहीत. त्यांना मान कशी धरायची, फळीवर कसं सरकवायचं याची चार चित्रं द्या आणि जाऊ द्या.

निदान
चित्रं जरूर द्या. पण ‘जाऊ द्या’ हे फोनवर असलेल्या १०८ च्या डॉक्टरने म्हणायचं.