शेतातल्या मातीच्या बांधाला खालून पाणी येतंय, काळजीचं आहे का?

प्रश्न: आमच्या खाजगी तलावाचा मातीचा बांध जुना आहे, उंची साधारण दोन माणसं, तलाव भरला की पायथ्याशी एका जागी ओल धरते आणि बारीक धार लागते, माथ्यावर झाडंही बरीच वाढलीत. बुजवून टाकू का?

उत्तर १: आधी धारेचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच, बाटलीच्या तळाशी गाळ बसला तर मात्र आतली माती वाहून चाललीय, म्हणजे आत बोगदा तयार होतोय. १९७६ साली अमेरिकेतलं टेटन धरण, तेही मातीचंच, सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास फुटलं. बाहेरून चिकणमाती थापून धार बंद करू नका हो, पाणी दुसरीकडून वाट काढतं आणि आत दाब वाढतो, त्यापेक्षा धारेच्या जागेवर आधी वाळू मग खडी घालतात, पाणी जातं माती अडते.

उत्तर २: सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचं काय? तो गवताने, फांद्यांनी तुंबला तर पाणी बांधावरून जाईल आणि मग संपलंच. मोठी झाडं लगेच उपटू नका, मुळं कुजली की पोकळ्या राहतात. खेकड्या-उंदरांची बिळं पण बघा.

उत्तर ३: धार गढूळ असेल तर पातळी हळूहळू उतरवा, एकदम नाही, नाहीतर बांधाचा ओला उतार आतल्या, तलावाच्या बाजूला घसरतो. इंजिनिअर बोलवा, आणि खाली वस्ती असेल तर त्यांना आजच सांगा.