पाचारण : हा शब्द फक्त पाळकांचा का?

लेथवाला, भोसरी
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने मला ‘रोजचं काम आणि देवाचं पाचारण’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “काका, पाचारण पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना होतं ना? तुम्हाला तर नोकरी लागली.”

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे ‘त्याला पाचारण झालं’ म्हटलं की तो सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात निघाला असंच सगळे समजतात. कॅथलिक घरांत फादर किंवा सिस्टर होणाऱ्यांबद्दल हाच शब्द वापरतात. मग बत्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाने स्वतःच्या कामाला काय म्हणायचं? धंदा, पेशा, व्यवसाय, नोकरी हे सगळे शब्द चालतात, पण ‘बोलावलं कोणी’ हे त्यातला एकही सांगत नाही. दुसरा शब्द शोधू की हाच ठेवू?

शब्दवेडी, सदाशिव पेठ
मी ख्रिस्ती नाही, भाषेपुरतं लिहिते. ‘पाचारणे’ हे जुनं मराठी क्रियापद, संतांच्या अभंगांतही भेटतं. आता ते वर्तमानपत्रांत उरलंय : ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’, ‘बॉम्बशोधक पथकाला पाचारण’. घरात कोणी ‘दादाला जेवायला पाचारण कर’ म्हणत नाही. म्हणजे ज्याला अधिकार आहे त्याने, नेमक्या कामासाठी, ज्याला ते काम येतं त्याला बोलावणं, एवढा अर्थ त्यात अजून शाबूत आहे. मला तर तो तुमच्या विषयाला फार जवळचा वाटतो.

शिवाय वाक्यरचना बघा. ‘मी करिअर निवडलं’ यात कर्ता मी. ‘मला पाचारण झालं’ यात मी चतुर्थीत जातो, जसं ‘मला आठवलं’, ‘मला तहान लागली’. गोष्ट माझ्याकडे चालत आली, हे मराठी व्याकरणच सांगतं.

वहीतली पानं, बिबवेवाडी
बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’, म्हणजे बोलावणं. त्याच धातूपासून ‘एक्लेसिया’ झाला, ज्याला आपण ‘मंडळी’ म्हणतो. बोलावलेल्यांची जमात ती मंडळी, तेव्हा ‘पाचारण’ मंडळीतल्या एकट्या पाळकाचं कसं असेल? युरोपातही मध्ययुगात हा शब्द मठवासी आणि धर्मगुरूंपुरता आकसला होता. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने तो मोकळा केला. १५२२ मध्ये त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलं. बोलावणं या अर्थाचा ‘बेरूफ’ हा शब्द त्याच्या लिखाणातून मोची, मोलकरीण, लेकरू सांभाळणारी आई अशा सगळ्यांच्या कामापर्यंत पोचला. आज जर्मन माणूस ‘तुमचा बेरूफ काय?’ विचारतो तेव्हा त्याला फक्त धंदा विचारायचा असतो. तिकडे शब्द पसरून पातळ झाला, आपल्याकडे आवळून अरुंद झाला.

रास्तापेठी
मला एक गोष्ट टोचते, ती स्पष्ट लिहितो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विसाव्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने तीत राहावं. माझ्या पणजोबांच्या वाट्याला गावकीतलं मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. ‘हेच तुमचं काम, हाच तुमचा धर्म’ असं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. ते काम टाकून ते मिशनच्या शाळेत शिकले, म्हणून मी आज हे लिहू शकतो. रोजच्या कामाला ‘पाचारण’ म्हणताना आपण तीच बेडी देवाच्या नावाने परत घालत नाही ना? काही जण ‘स्वधर्म’ हा शब्द सुचवतील. कृपा करून तो घेऊ नका. आमच्या घरात त्या शब्दाला कातड्याचा वास येतो.

वहीतली पानं, बिबवेवाडी
तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पुढचं, एकविसावं वचन जोडून वाचायला हवं. दासाला तो सांगतो की मोकळं होता येत असेल तर ती संधी साध. म्हणजे ‘राहा’ ही बेडी नाही. पौलाच्या वाक्यात पाचारण आहे ते ख्रिस्ताकडे, आणि स्थिती म्हणजे हाक ऐकली तेव्हा माणूस जिथे उभा होता ती जागा.

केडगावच्या वाटेवर
दौंड तालुक्यातलं केडगाव इथून लांब नाही, म्हणून लिहिते. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. नवा करार १९१३ मध्ये आला. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं. खिळे जुळवणं, छापणं ही कामं तिथल्या बायकांनी केली. त्यांत विधवा होत्या, दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. त्यांच्या काळ्या झालेल्या बोटांना पाचारण नव्हतं असं कोण म्हणेल?

जुन्या करारातला कारागीर बसालेलही आठवा. निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव त्याला नाव घेऊन बोलावतो, आपल्या आत्म्याने भरतो, आणि काम देतो ते सोनं, रुपं, पितळ, दगड आणि लाकूड घडवायचं.

लेथवाला, भोसरी
रास्तापेठीदादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझी गाठ तुमच्या प्रश्नानेच सुटली. मी ‘कामाचं पाचारण’ म्हणत होतो. षष्ठी लावली की काम आणि हाक एकमेकांना खिळतात. ‘कामात पाचारण’ म्हटलं तर ते मशीनपाशी येऊन मला हाक मारतं, मशीनला बांधून ठेवत नाही. उद्या काम सुटलं तरी हाक सुटत नाही.

आमच्या शॉपमध्ये ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा. ‘जॉब नीट बसव’, ‘जॉब रिजेक्ट झाला’. तो तुकडा पुढे कुठल्या गाडीच्या ब्रेकमध्ये जाईल, ती गाडी कोण चालवेल, हे मला कधी कळत नाही. इन्स्पेक्टर नसतानाही मी माप पुन्हा घेतो ते त्या अनोळखी माणसासाठी. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात ‘जिवेभावे’ असा शब्द आहे, तो मला तिथे आठवतो.

तेव्हा फळ्यावर ‘पाचारण’च राहील. बोलताना मात्र ‘हाक’ म्हणेन, आणि हाकेला ‘ओ’ देणं म्हणेन, पोरांना ते लगेच पोचेल.

आता एकच अडचण उरली. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. निवृत्त म्हणजे मागे फिरलेला, आणि हाक ऐकणाऱ्याला हा शब्द मला बसत नाही. याला कोणाकडे दुसरा शब्द आहे का?