'आभासी ट्रंक' चालेल का?

दुभाषी : एटीएम स्विचच्या (बँकेतलं यंत्र नव्हे; माहिती 'सेल' नावाच्या सारख्या मापाच्या तुकड्यांत पाठवणाऱ्या जाळ्यातलं) माहितीपुस्तिकेचं भाषांतर चाललंय. 'व्हर्च्युअल ट्रंक'ला (ट्रंक म्हणजे दोन स्विच जोडणारी लाइन) 'आभासी ट्रंक' लिहिलं, तर शेरा आला : "आभासी म्हणजे नसलेली. मग ग्राहक पैसे कशाचे मोजतो?"

त्रेपन्न_बाइट : शेरा रास्त आहे. दोन खासगी स्विचांमध्ये स्वतःची लाइन न टाकता सार्वजनिक जाळ्यातला एक व्हीपी (व्हर्च्युअल पाथ, अनेक जोडण्या एकत्र नेणारा मार्ग) भाड्याने घ्यायचा आणि स्विचने त्यालाच ट्रंक समजायचं, एवढाच हा प्रकार. सेकंदाला १५५.५२ मेगाबिट वाहणाऱ्या एका एसटीएम-१ पोर्टावर अशा अनेक बसतात, फक्त प्रत्येकीचा व्हीपीआय (सेलवरचा मार्गाचा क्रमांक) वेगळा हवा. मधले स्विच व्हीपीआय बदलतात, व्हीसीआयला (मार्गातल्या एकेका जोडणीच्या क्रमांकाला) हात लावत नाहीत. म्हणजे व्हीपीआय ट्रंक ओळखण्यातच खर्ची पडतो आणि आतल्या जोडण्या व्हीसीआयवर निभावतात. यात आभास कुठला?

अमरकोश : शाळेत 'आभासी प्रतिमा' शिकलातच ना? आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, पण दाढी तिच्याकडे बघूनच होते.

नाठाळ : आणि हेत्वाभास, रसाभास? तिथे खोटेपणाच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुण, सामर्थ्य. 'गुणतः ट्रंक' म्हणा.

दुभाषी : ते कोण वाचणार?

अमरकोश : मग ट्रंक तरी कशाला? मूळ अर्थ झाडाचं खोड. 'खोडवाहिनी' करा.

त्रेपन्न_बाइट : खोडाला फांद्या फुटतात, हिला दोनच टोकं. शब्द कुठलाही घ्या, पण शेपिंगचा (सेल ठरल्या वेगानेच सोडण्याचा) परिच्छेद नीट उतरवा. ट्रंकचा वेग करारातल्या कमाल दरापेक्षा जास्त ठेवला की जाळ्याचं पोलिसिंग जादा सेल फेकून देतं. एएएल-५ मध्ये (पॅकेट सेलमध्ये कापायच्या पद्धतीत) १५०० बाइटच्या पॅकेटच्या ३२ सेल होतात. एक गेली की उरलेल्या ३१ पोचूनही फुकट.

नाठाळ : 'पोलिसिंग'ला 'पहारा'?

त्रेपन्न_बाइट : पहारेकरी माल फेकत नाही. आणि खरा आभास हवाच असेल तर तो पोर्टाच्या दिव्यात आहे. व्हीपी जाळ्यात मधेच तुटला तरी जवळची लाइन शाबूत, म्हणून दिवा हिरवाच. बिघाड कळतो तो त्याच व्हीपीतल्या एफ-४ देखभाल सेलवरून : एका टप्प्यापुरत्या व्हीसीआय ३ वर, टोकापासून टोकापर्यंतच्या ४ वर.

अमरकोश : "एक गेली"? सेल ती कधीपासून झाली? टॉर्चमधला तो सेल.

त्रेपन्न_बाइट : शरीरातली ती पेशी. पाच बाइटचं डोकं, अठ्ठेचाळीस बाइटचं पोट, हिला शरीर आहे.

नाठाळ : मग दुकानातला सेल?

दुभाषी : माझी ट्रंक राहिली.

अमरकोश : थांबा हो, आधी सेलचं लिंग ठरू द्या.