बटणवाला म्हणे!

फेडरवर_बोट:
काल अमेरिकन रॅप बँड बीस्टी बॉईजच्या धाग्यावर 'जुनी_कॅसेट' जाताजाता त्यांच्या साउंड इंजिनिअर-निर्मात्याबद्दल एक पिंक टाकून गेले: "मारिओ काल्दातोचं एवढं काय? पोरं हुशार होती, हा नुसता बटणवाला. ब्राझीलचा म्हणून उगाच कौतुक." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं. म्हणून वेगळा धागा.

बावीस वर्षं नाटकांना आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड करतोय, त्यामुळे 'बटणवाला' मला नवा नाही. कार्यक्रम रंगला की बुवा ग्रेट. माइकने शिट्टी मारली की अख्खं सभागृह मान वळवून माझ्याकडे बघतं. असो.

काल्दातो १९६१चा, जन्म साओ पावलोचा, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. क्लबांत साउंड करायचा. मग डीजे मॅट डाइकच्या हॉलीवूडमधल्या फ्लॅटवर रेकॉर्डिंग करू लागला. स्टुडिओ नव्हे, राहता फ्लॅट. टोन लोक या रॅपरचं 'वाइल्ड थिंग' गाणं तिथलं, आणि ते १९८९ साली अमेरिकेत दुसऱ्या नंबरापर्यंत चढलं. त्याच वर्षीचा बीस्टी बॉईजचा अल्बम 'पॉल्स बुटीक'. निर्माते डस्ट ब्रदर्स, इंजिनिअर हा. जुन्या रेकॉर्डांवरचे शंभरावर तुकडे एकमेकांत बसवलेत त्यात, आणि तेही आजच्यासारख्या स्क्रीनवर आवाजाच्या लाटा बघून नाही.

तो अल्बम तेव्हा आपटला. मग मंडळींनी लॉस एंजेलिसच्या ॲटवॉटर व्हिलेजमध्ये स्वतःचा स्टुडिओ केला, जी-सन. आत बास्केटबॉल, स्केटिंगची घसरण, सगळं. पोरं पुन्हा वाद्यं घेऊन बसली, तासन्‌तास वाजवत सुटली. १९९२चा 'चेक युअर हेड' त्यातून निघाला, आणि आता निर्माता म्हणून बँडच्या शेजारी काल्दातोचं नाव आहे. तासन्‌तासांच्या त्या धुडगुसातली कुठली चार मिनिटं ठेवायची, हे ऐकणाऱ्या माणसाचं काम असतं. बटणाचं नाही.

आणि बँडचा कीबोर्डवाला मनी मार्क कुठून आला? 'पॉल्स बुटीक'च्या वेळी भाड्याने घेतलेल्या बंगल्याचं फाटक मोडलं. काल्दातो म्हणाला, माझा एक दोस्त सुतारकाम करतो, बोलावतो. तो सुतार म्हणजेच मार्क, पुढे कीबोर्डवर बसला. असलं बटण कुठे मिळतं ते मला कळवा.

१९९८च्या 'इंटरगॅलॅक्टिक'मध्ये पोरांनी याचं नाव गाण्यात घेतलंय. त्यांना कळत होतं. तुम्हाला कळत नसेल तर गिटारवर गाणाऱ्या जॅक जॉन्सनचा २००५चा 'इन बिट्वीन ड्रीम्स' ऐका. इकडे बीस्टी बॉईजचा फाटका, करकरीत आवाज, आणि तिकडे गिटारवर सरकणारं बोटसुद्धा ऐकू येतं. निर्माता हाच.

जुनी_कॅसेट:
बावीस वर्षांचा राग एका धाग्यात काढलात, मोकळं वाटलं असेल. आता मुद्दा. बीस्टी बॉईज १९८६ सालीच 'लायसन्स्ड टू इल'ने घराघरांत पोचले होते. तेव्हा निर्माता रिक रुबिन होता, तुमचा मारिओ नव्हता. म्हणजे तो नसताना धंदा झाला आणि तो आल्यावर अल्बम आपटला! हा तुमच्याच पोस्टमधला पुरावा आहे, माझा नाही.

दुसरं म्हणजे आडनाव इटालियन, शिक्षण अमेरिकेतलं, काम अमेरिकेतलं. ब्राझील कुठे आलं यात? पासपोर्टावरच्या जन्मगावात?

पणजीकार:
धंद्यावरून संगीत मोजायचं तर बोलणंच खुंटलं. ब्राझील कुठे आलं ते सांगतो. हे सगळे तिथले गायक नि बँड, आणि निर्माता काल्दातो: १९९७ला प्लॅनेट हेम्पचा अल्बम. २००१ला सेउ जोर्जीचा 'सांबा एस्पोर्ची फिनु'. २००६ला मारिसा मोंचीबरोबर 'युनिव्हेर्सु आओ मेउ रेदोर', नवेजुने सांबा, आणि आवाज इतका जवळ की गाणारी बाई शेजारच्या खुर्चीत बसलीय असं वाटावं. पुढच्या वर्षी वानेसा दा मातासाठी कासिन या तिथल्याच निर्मात्याच्या जोडीने 'सिम'. माणूस परत गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला आपल्या गाण्याला हात लावू दिला. यापेक्षा मोठा पासपोर्ट कुठला?

अवांतर: जिथे तिथे 'मोंटे' लिहिणाऱ्यांनो, मोंची. आमच्याकडे गोव्यात जुआंव म्हणतात त्या पोर्तुगीज नावाचं तुम्ही 'जोआओ' करता, तेव्हाच मी हात टेकले होते.

एडिसनची_आई:
जुनी_कॅसेट, माझी मुलं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढली. घरी मराठी, बाहेर इंग्रजी. गणपतीला धाकटा झांजा वाजवतो, त्याला कुणी शिकवल्या नाहीत, तरी तो ठेका सोडत नाही. मागच्या सुट्टीत पुण्याला एका काकांनी त्याला तोंडावर विचारलं, "तू कुठला रे मराठी?" पोरगं दोन दिवस गप्प होतं. जन्मगावाची थट्टा करताना जरा जपून.

जुनी_कॅसेट:
ताई, मी काल्दातोबद्दल बोललो, तुमच्या चिरंजीवांबद्दल नाही. इथे सगळ्यांना आज माझ्यावरच जुने हिशेब चुकते करायचे आहेत का?

ढोलकीवाल्याची_लेक:
मला करायचेत, पण तुमच्यावर नाही, धागाकर्त्यांवर. "शंभरावर तुकडे" असं कौतुकाने लिहिलंत. ते तुकडे कुणाचे हो?

माझे बाबा ढोलकी वाजवायचे. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका स्टुडिओने बोलावलं. एक शिफ्ट, रोख पैसे, वर चहा-वडापाव. "निरनिराळे ठेके वाजवा, नुसते." बाबांनी दिवसभर वाजवलं. पाच-सहा वर्षांनी टीव्हीवर एका साबणाच्या जाहिरातीत ढोलकी आली आणि बाबा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "हा माझा हात आहे." आई म्हणाली, ढोलकी सगळ्यांची सारखीच. बाबांनी ताटाच्या कडेवर बोटांनी तोच तुकडा वाजवून दाखवला, शेवटी डाव्या हाताचा जो घिस्सा लागायचा त्यासकट. तोच होता. कुठे नाव नाही, दुसऱ्यांदा एक पैसा नाही. तुमच्या भाषेत यालाच कलात्मक निवड म्हणतात ना?

फेडरवर_बोट:
बाबांचं ऐकून वाईट वाटलं. पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. 'चेक युअर हेड'मधल्या फ्लूटच्या तुकड्याची बीस्टी बॉईजनी रीतसर परवानगी घेतली होती.

कोर्टकचेरी:
अर्धंच सांगितलंत. त्या अल्बममधल्या 'पास द माइक' गाण्यातला तो तुकडा फ्लूटवादक जेम्स न्यूटनच्या 'क्वायर' या रचनेतला. सहा सेकंद, तीन स्वर. फ्लूट फुंकता फुंकता तोंडाने सूर धरायचा, अशी त्याची तऱ्हा. ते सहा सेकंद गाण्यात चाळीसहून जास्त वेळा फिरवलेत. परवानगी घेतली ती रेकॉर्ड कंपनीकडून, एकरकमी हजार डॉलर देऊन. स्वररचना न्यूटनची होती, त्याला विचारलं नाही. २००० साली तो कोर्टात गेला आणि हरला. २००३ला अपिलातही दोन विरुद्ध एक असा निकाल: तीन स्वरांची उचल इतकी किरकोळ की दावा टिकत नाही. म्हणजे त्याचा श्वास, त्याचा घसा, ही सगळी खुबी ध्वनिमुद्रणाची धरली, आणि त्याची परवानगी तर झालेली. कायद्याने चोख. बासरीवाल्याच्या हाती काय आलं, ते तुम्हीच बघा.

ढोलकीवाल्याची_लेक:
बघा! चाळीस वेळा वाजवण्याइतका मोलाचा, आणि पैसे मागितले की किरकोळ!

जुनी_कॅसेट:
ताई, तुम्हाला शंभर टक्के अनुमोदन. काल मी एक शब्द वापरला तर केवढा थयथयाट झाला इथे. तुमच्या बाबांना तर 'ढोलकीवाला' एवढंही कुणी कव्हरवर छापलं नाही.

फेडरवर_बोट:
तिच्या बाबांच्या खांद्यावरून माझ्यावर गोळी झाडू नका. तुमचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही.

जुनी_कॅसेट:
आणि तुमचा काल्दातोशी आहे? तो तुमच्याकडे केबल गुंडाळायला होता का?

एडिसनची_आई:
झालं सुरू. संपादक आहेत का कुणी जागे?

फेडरवर_बोट:
बरं. लेकीचा मुद्दा मान्य. इंजिनिअरचं नाव छापा म्हणून मी इतकी वर्षं भांडलो, वाजवणाऱ्याच्या नावाचा विचार तेवढा केला नाही. काल रात्री माझ्याच दोन सीड्यांची कव्हरं काढून बघितली. एकीवर ध्वनिसंयोजन म्हणून माझं नाव ठळक. तबला-ढोलकीपुढे नुसतं 'साथसंगत'. दोघांना फोन केला, एकाचा नंबर बंद होता.

'बटणवाला' मात्र मागे घेतला पाहिजे.

जुनी_कॅसेट:
घेतला. जॅक जॉन्सनही ऐकला, रात्री, हेडफोन लावून. बोट सरकलेलं ऐकू येतं. झोप चांगली लागली, याचं श्रेय तुमच्या मारिओला.

बोरिवली_लोकल:
बोरिवली ते चर्चगेट अख्खा धागा वाचला. ते फाटक शेवटी दुरुस्त झालं का?