मदत हवी आहे: मुगात भुंगे, पावसाळ्यात ऊन नाही

मे महिन्यात वर्षाचे म्हणून 8 किलो हिरवे मूग आणि 3 किलो चवळी भरली. काही दिवसांपूर्वी डबा उघडला तर वर तपकिरी, तिळाएवढे भुंगे फिरताहेत. बऱ्याच मुगांना टाचणीने पाडावं तसं गोल भोक आहे, आणि धड दिसणाऱ्या दाण्यांवरही पांढरे ठिपके चिकटलेत. ती अंडी असावीत. नखाने खरवडली तरच निघतात. तांदळात टोके नाहीत, गहूही ठीक आहेत.

भरताना दोन दिवस कडक ऊन दिलं होतं, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला होता. लगेच चाळून, पाखडून भुंगे काढले, पण तीन दिवसांनी पुन्हा तेवढेच! म्हणजे अळ्या दाण्याच्या आतच आहेत.

घरात दोन वर्षांचं मूल आहे, त्यामुळे बोरिक पावडर आणि पारद टिकड्या नकोत. ऊन पडायची आशा नाही. फ्रीझरमध्ये एका वेळी जेमतेम दोन किलो मावतात, म्हणून चार फेऱ्या तरी होतील (चवळी वेगळीच). ‘टाकून द्या’ हा सल्ला सासूबाईंनी आधीच नाकारलाय.

आतल्या अळ्या आणि अंडी दोन्ही मरायला घरच्या फ्रीझरमध्ये किती दिवस ठेवावे लागतात? बाहेर काढल्यावर ओल धरू नये म्हणून काय करता? आणि नंतर एरंडेल चोळून ठेवले तर त्या मुगांना मोड येतात का?