संक्रांतीचा घरचा फोटो: बारा माणसं आणि सगळे काळ्यात, कपडे कसे ठरवायचे?

ओवी_पुणे

यंदा धाकट्या जावेची पहिली संक्रांत आणि आमच्या दहा महिन्यांच्या मुलाचं बोरन्हाण, दोन्ही घरीच आहे. त्याच दिवशी सगळ्या घराचा एक नीट फोटो काढून घ्यायचा आहे. माणसं बारा: आजेसासूबाई (वय ८४), सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि आमचं बाळ.

सगळ्यांनी काळं घालायचं एवढंच ठरलंय. आजेसासूबाई काळं नेसत नाहीत आणि त्यांना आग्रह करायचा नाही. जाऊ आणि बाळ हलव्याचे दागिने घालतील. माझ्याकडे लाल पदराची काळी इरकल आहे, सासूबाईंकडे काळी पैठणी आहे, पुरुषांचे कुर्ते घ्यायचे आहेत. जागा दोन आहेत: हॉल (फिकी पिवळी भिंत, ट्यूबलाइट) किंवा गच्ची. ओळखीतला एकजण कॅमेरा घेऊन येईल, नाहीतर फोनवर काढू. एकाच ताग्यातून सगळ्यांचं शिवून घ्यावं का?

खण_आणि_काठ

एकाच ताग्यातून सगळ्यांचं शिवू नका. बाराजण सारख्याच काळ्यात खेटून उभे राहिले की एकाचा खांदा कुठे संपला आणि दुसऱ्याचा दंड कुठे सुरू झाला हे फोटोत कळत नाही. शेजारी-शेजारच्या दोन माणसांमध्ये काहीतरी फरक दिसला पाहिजे, मग तो काठाचा असो, पोताचा असो की रंगाचा. कपडे ठरवताना आधी कोण कोणाशेजारी बसणार ते कागदावर मांडा.

पूर्ण काळं तिघांनाच ठेवा: जाऊ, तुम्ही आणि बाळ. जावेची साडी अंगभर साधी हवी, बारीक काठाची चंद्रकळा किंवा बिनबुट्ट्यांची रेशमी. जरीच्या बुट्ट्यांवर हलवा हरवतो. पांढरा दाणा उठून दिसायला मागे सपाट काळं लागतं. तुमची इरकल उत्तम आहे. तिचा लाल टोपपदर खांद्यावरून पुढे दिसेल असा घ्या, तोच तुम्हाला शेजाऱ्यापासून वेगळं काढेल. सासूबाईंची पैठणी चालेल, पण पदर उलगडून हातावर घेऊ द्या. पिन लावून चुण्या केल्या तर पदराची जर आणि नक्षी मिटून जाते.

आजेसासूबाईंचं काळं न नेसणं फोटोच्या फायद्याचंच आहे. त्यांना मोतिया, फिका पिस्ता किंवा फिका चंदनी रंग नेसवा आणि मधोमध बसवून बाळ त्यांच्या मांडीवर द्या. काळं झबलं फिक्या लुगड्यावर स्वच्छ दिसतं. तेच बाळ तुमच्या काळ्या इरकलीवर घेतलंत तर फक्त तोंड आणि मुकुट दिसेल. बाळाचं वजन आजींना पेलवेल असं बघा. शेजारी सासूबाई बसल्या तर त्यांचा एक हात खालून आधाराला राहील.

पुरुषांसाठी मोतिया कुर्ता आणि वर काळी बंडी घ्या. दोघंतिघं काळ्या कुर्त्यावर अडून बसले तर खाली मोतिया सुरवार द्या. नीळ-टिनोपॉल दिलेलं पांढरंशुभ्र मात्र नको, उन्हात ते निळसर चकाकतं आणि नजर चेहऱ्याऐवजी तिकडेच जाते. सासऱ्यांच्या धोतरालाही हेच लागू.

एकाच ताग्यातून काही घ्यायचंच असेल तर जोडरंग घ्या. लाल गुळेदगुड्डी खण, ४४ इंच पन्ह्याचा, साधारण ५ मीटर: मुलीच्या परकर-पोलक्याला ३, पाच वर्षांच्या मुलाच्या बंडीला पाऊण, नणंदेच्या ब्लाउजला १, उरलेलं नक्षी जुळवण्यात जातं. जुन्या पद्धतीच्या खणाचा पन्हा कमी असतो, तो घेतलात तर शिंप्याला विचारून कापड वाढवा. मोठ्या माणसाच्या कुर्त्याला याच पन्ह्याचं अडीच मीटर लागतं, बाळाच्या झबल्याला पाऊण मीटर पुरतं. झबल्याला आतून मऊ सुती अस्तर हवंच. लाल खण घेण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा. रंग लागला तर तो मोतिया कुर्त्यावरही लागेल.

काळ्याच्याही छटा असतात. सुती काळं धुऊन धुऊन तपकिरीकडे झुकतं, सिंथेटिक काळं निळ्याकडे. ट्यूबखाली दोन्ही सारखी दिसतात, उन्हात नाही. म्हणून सगळे कपडे दिवसा दारात नेऊन एकमेकांवर ठेवून बघा आणि न जुळणाऱ्या दोन छटा शेजारी उभ्या करू नका. मखमल टाळा, तिच्यात घडी-चुणी काहीच दिसत नाही. सॅटिन आणि चकचकीत पॉलिस्टर तर नकोच, त्यावर पांढरे चट्टे उठतात. मटका, टसर, हातमागाचं सुती आणि खण या कापडांचं पोत फोटोत टिकतं.

आणखी एक. पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं वाहन आणि वस्त्र दिलेलं असतं. त्या रंगाचं वस्त्र त्या वर्षी नको असं पुष्कळ घरांत मानतात. जोडरंग विकत घेण्याआधी सासूबाईंना विचारून घ्या.

उजेड_सावली

गच्ची निवडा. हॉलमध्ये अंतर पुरणार नाही. चारजण मागे उभे, पाचजण पुढे खुर्च्यांवर आणि दोन मुलं खाली सतरंजीवर असं धरलं तर मांडणी तीन-साडेतीन मीटर रुंद होते. साध्या डीएसएलआरवर ३५ एमएमची लेन्स लावून कॅमेरा निदान साडेपाच मीटर मागे न्यावा लागतो. फोनवर १एक्स ठेवून ३ मीटर पुरतात. ०.५एक्स वापरू नका, कडेच्या माणसांची डोकी आणि दंड ताणले जातात.

वेळ संध्याकाळी साडेचार ते साडेपाच. जानेवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे या तासात ऊन तिरकं आणि मऊ असतं. तरीही माणसं जिन्याच्या खोलीच्या किंवा टाकीच्या सावलीत बसवा आणि समोर मोकळं आकाश राहू द्या. थेट उन्हात काळ्याचा तपशील जातो आणि हलवा पांढराफटक होतो. पाठीमागची भिंत विटकरी, फिकी पिवळी किंवा करडी असावी. गडद भिंतीवर काळे केस आणि काळे खांदे मिसळून जातात. भिंतीपासून दीड मीटर पुढे बसा म्हणजे तिच्यावर सावल्या पडणार नाहीत.

आता काळ्याची खरी अडचण. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं समजून मोजमाप करतो. चौकटीत काळं जास्त आलं की त्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. मग काळं राखाडी होतं, चेहरे भाजल्यासारखे पांढरे पडतात, हलव्याचे दाणे एकमेकांत मिसळून नुसता पांढरा डाग उरतो. डीएसएलआरवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या, म्हणजे पांढऱ्या कडेला आपटत असेल तर उणे १. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवा म्हणजे तिन्ही रांगा स्पष्ट येतील, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको कारण मुलं हलतात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) गरजेप्रमाणे ४०० ते ८००. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ठेवायला सांगा, काळ्यातल्या घड्या नंतर त्यातूनच उचलता येतात.

फोनवर: मधल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. हलव्याचा दाणा न् दाणा वेगळा दिसेपर्यंत ओढायचं, तिथेच थांबायचं. फ्लॅश बंद. पोर्ट्रेट मोडही बंद, तो हलव्याच्या दाण्यांची कडा आणि केस खातो.

इरकलीच्या अंगावर बारीक चौकडा असेल तर आदल्या दिवशी त्याच अंतरावरून एक फोटो काढून मोठा करून बघा. काही अंतरांवर बारीक चौकड्यातून लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत. पाऊल पुढे-मागे झालं तर बहुतेकदा जातात.

ओवी_पुणे

खूप उपयोगी, धन्यवाद. दोन शंका. जावेला हलव्याचा कंबरपट्टा आहे, ती मागे उभी राहिली तर तो दिसणारच नाही. आणि फोटो बोरन्हाणाच्या आधी की नंतर?

खण_आणि_काठ

तिचा सण आहे, तिला पुढेच बसवा. डावीकडून सासरे, सासूबाई, मधे आजेसासूबाई बाळासह, मग जाऊ, मग दीर. मागे तुम्ही दोघं आणि नणंद-यजमान, मुलं खाली. जावेच्या एका बाजूला फिकं लुगडं आणि दुसऱ्या बाजूला दिरांची मोतिया बाही, म्हणजे तिचं काळं दोन्हीकडून सुटं राहतं. बसताना तिनं खुर्चीच्या कडेवर पाठ ताठ ठेवून बसावं. मागे रेलली की कंबरपट्टा निऱ्यांत दबतो आणि दाणे तुटतात. हातांच्या खुर्च्या नकोत, त्यांत बाजूबंद अडकतात. तुम्ही मागे उभ्या राहताना जावेच्या नेमक्या पाठीशी नको, तिच्या आणि आजेसासूबाईंच्या मधल्या फटीत उभ्या राहा.

तिळाचा_हलवा

फोटो बोरन्हाणाच्या आधीच. नंतर काळ्या कपड्यांवर कुरमुऱ्यांचा चुरा आणि साखर असते, आणि बाळ तोवर थकलेलं असतं. त्याची दुपारची झोप आणि दूध झालं की अर्ध्या तासाच्या आत फोटो उरका. बाळाला पावडर लावायची असेल तर ती कपडे घालण्याआधी पूर्ण पुसली जाऊ द्या, काळ्या गळ्यावर ती लगेच दिसते.

दागिने सगळ्यांत शेवटी, खुर्चीवर बसल्यावर घालायचे. अत्तर-स्प्रे त्याआधी. हलवा म्हणजे साखरेचा पाकच, ओलावा लागला की चिकट होतो आणि रंगीत दाणा असेल तर साडीवर डाग सोडतो. आणल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टिश्यू पेपरच्या थरांत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत ठेवला तर परातीचं पाणी डब्याच्या झाकणापासून बरंच खाली असू द्या.

बाळाच्या दागिन्यांत तार किंवा टाचणी नाही ना, हे मागणी देतानाच विचारा. दोऱ्यात ओवून पुठ्ठ्यावर शिवलेलेच घ्या. दहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि सुटा दाणा घशात अडकू शकतो. म्हणून मुकुट आणि हार शेवटच्या दोन मिनिटांत घाला, एका मोठ्या माणसाची नजर फक्त बाळाच्या हातांवर ठेवा आणि फोटो झाला की लगेच काढा. हलव्याची बासरी असेल तर ती हातात देण्यापेक्षा झबल्याच्या कमरेला शिवून टाका.

काळ्या साडीवर हलव्याची पांढरी पूड पडतेच. ती हातानं झटकली की पसरते. चिकटपट्टी बोटांवर उलटी गुंडाळून हलकेच टिपा, राहिलेला डाग किंचित ओलसर कापडानं टिपा आणि वाळू द्या. पट्टीचं एक रीळ फोटो काढणाऱ्याच्या खिशात असू द्या.

त्या दिवशी आभाळ आलं किंवा बाळाची तब्येत बरी नसली तर घाई करू नका. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, बोरन्हाणही तोवर करतात. फक्त संक्रांतीचा दुसरा दिवस किंक्रांत, म्हणजे करिदिन. तो तुमच्याकडे पाळत असतील तर वगळा. दागिने तेवढे दिवस कोरडे राहतील एवढं बघा.