एटीपी नुसतं इंधन नव्हे
एटीपी, म्हणजे तीन फॉस्फेट गट असलेला एक छोटा रेणू, याला 'पेशीचं इंधन' म्हणतात. बरोबर आहे, पण अर्धंच. फॉस्फोरिलेशनमध्ये, म्हणजे रेणूवर फॉस्फेट गट बसवण्याच्या क्रियेत, एटीपी आपला टोकाचा, तिसरा फॉस्फेट गट दुसऱ्या रेणूला देतं आणि दोन फॉस्फेटांचं एडीपी उरतं. ग्लुकोज पेशीत शिरलं की हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) हा गट त्याच्या सहाव्या कार्बनवर बसवतं. मग ते आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाही.

मला याहून विलक्षण वाटतं ते प्रथिनांवर फॉस्फेट बसणं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधल्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर (साठवलेलं ग्लायकोजेन तोडणारं विकर) दाखवलं, की फॉस्फेट बसला की विकर जागं होतं, काढला की निजतं. तोही प्रथिनातल्या एका ठरावीक सेरिन या अमिनो आम्लावर! १९९२चं नोबेल त्यासाठीच. आणि मॅग्नेशियम विसरू नका, कायनेज (फॉस्फेट बसवणारं विकर) एटीपीला धरतं ते त्याच्या सोबतीनेच.